रत्नागिरीचं मत्स्यालय: बाजारातले मासे पाण्यात

रत्नागिरीला मांडवीचा काळा समुद्र आणि मुरुगवाड्याचा पांढरा समुद्र हे दोन किनारे सगळे पाहतात. त्याच पांढऱ्या समुद्राच्या बाजूला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे आणि तिथे एक छोटं मत्स्यालय. काचेचा बोगदा वगैरे डोक्यात ठेवून गेलात, तर दहा मिनिटांत बाहेर याल. आम्हाला दीड तासही कमी पडला, त्याचं श्रेय मावशीला. जन्म मासळी निवडण्यात गेलेलं माणूस सोबत न्याच.

"हा बघ केंड, जाळ्यात आला की फेकून देतात," मावशी म्हणाली. केंड विषारी, घाबरला की पाणी गिळून टम्म फुगतो. शेवंडाला (म्हणजे लॉब्स्टरला) खेकड्यासारख्या मोठ्या नांग्या नसतात, लांबच लांब काटेरी मिशांवर त्याचं भागतं, हे मला इतकी वर्षं तो खाऊनही ठाऊक नव्हतं. पाकट हा चपटा मासा. ती तळाशी पसरलेली. तोंड पोटाच्या बाजूला, डोळे वर. बाजारात ती उलटी-सुलटी पडलेली असते, तेव्हा हे कुणाच्या लक्षात येतं!

देवमाशाचा अवाढव्य सांगाडा मात्र घाईत उरकू नका. त्याच्या परांतली हाडं नीट बघा: बोटांसारखी पेरं दिसतात. मुलांना 'देवमासा हा मासा नाही' हे पुस्तकापेक्षा इथे लवकर पटतं. शेजारच्या बरण्यांतले नमुने आमच्या पोरांनी नाकं मुरडत पाहिले, पण पाहिले.

फोटो काढायचे तर फ्लॅश बंद करून मोबाइल काचेला टेकवा, म्हणजे आपलंच प्रतिबिंब येत नाही. काचेवर टकटक नको. तिकीट किरकोळ आहे, सुटे पैसे ठेवा. वेळ आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा, कारण हे संशोधन केंद्र आहे, पर्यटकांसाठी काढलेलं ठिकाण नव्हे. कोकण रेल्वेचं स्टेशन शहराबाहेर कुवारबावला. तिथून रिक्षा करावी लागते.

संध्याकाळी जवळच्या रत्नदुर्गावर जाता येतं. पण माझं ऐकाल तर दुसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाडा बंदर गाठा. काचेआड पाहिलेल्यांपैकी किती ओळखता येतात ते लिलावात कळेल. चपला घसरणार नाहीत अशा घाला, टोपल्या नेणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पुढेही पाऊस असतोच, त्यामुळे बंदरासाठी तरी ऑक्टोबरनंतरच या.