सत्तर आणि नवीन मशीन

आज दापोलीला बाजाराला गेलो तर परत चेनसॉच्या, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनच्या, दुकानात शिरलोच. घेतलं काहीच नाही, पण बराच वेळ एकेक मशीन उचलून, तोलून, दुकानदाराचं डोकं खाऊन आलो. घरी आल्यावर अप्पांचा पहिला प्रश्न, "आपलं बंद पडलंय का?" नाही ना पडत, हाच तर घोळ आहे.

आपलं म्हणजे स्टिल कंपनीचं ०७०, १०६ सीसीचं धूड, अप्पांनी एका वखारवाल्याकडून सेकंडहँड घेतलेलं, वाडीत सगळे त्याला नुसतं सत्तर म्हणतात. पावसाळाभर पडवीत गोणपाटाखाली पडून असतं आणि तरी प्लग पुसून, चोक देऊन दोरी दोनचारदा ओढली की घर हादरवतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा नारळ, सुपारी, आंबे सगळं आडवं झालेलं, रस्ते बंद, तेव्हा ह्याच मशीननं वाट मोकळी केली. नारळ कापायला काय वाईट असतो ते कापणाऱ्यालाच माहीत, नुसते धागे, चेनची धार बघता बघता जाते, त्यात समुद्राकडच्या वाडीत खोडाला वाळू चिकटलेली. अप्पा बांधावर बसून कानस मारायचे आणि मी कापायचो.

मग बदलायचं कशाला? तर त्याला चेनब्रेक नाही. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन झटका मारून सरळ तोंडाकडे येतं, नवीन मशीनला हँडलच्या पुढे जो गार्ड असतो तो अशा वेळी पुढे पडतो आणि चेन जागच्या जागी थांबते. सत्तरमध्ये तिथे तुम्ही आणि तुमचं नशीब. मी इतकी वर्षं चालवलं, सवय आहे, पण आता पुतण्या बारावी झाला आणि त्याला मशीन हातात पाहिजे. वहिनीने एवढंच विचारलं, "भावोजी, ह्याला ब्रेक आहे ना?" आता ह्याच्यावर काय बोलणार. शिवाय बार-चेन धरून वजन दहा किलोच्या वर, आणि थरथर एवढी की संध्याकाळी चहाचा कप धरला तरी बोटांना मुंग्या.

दुकानदाराचा जोर स्टिलच्याच एमएस ३८२ वर. ७२ सीसी, "सत्तरवाल्याला लहान मशीन आवडणारच नाही" म्हणाला. पण मला आता एवढं मोठं करायचंय काय? आंबा, फणस, जांभूळ तोडायचं तर १९६४ च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी, आणि ती मिळून झाड विकलंच तर वखारवाला स्वतःची माणसं, स्वतःची मशीन घेऊन येतो. आमचं काम म्हणजे काजूची छाटणी, वाळक्या फांद्या, पडलेली सुपारी, चुलीची लाकडं. त्याला ४५ सीसीचं एमएस २५० रग्गड, बारशिवाय साडेचार किलोच्या आसपास. ऑनलाइन ते ५८ सीसीचं स्वस्तातलं मिळतं, पुतण्याने लगेच फोनवर दाखवलं, पण उद्या त्याचा क्लच गेला तर पार्ट कुणाकडे मागायचा? आतल्या कंप्युटरने कार्बोरेटरचं ट्युनिंग स्वतःच करणारं पण असतं म्हणे. असू दे. मला स्क्रू ड्रायव्हरने कार्बोरेटर जुळवता येतो, तेवढं सुख राहू दे.

बॅटरीवालं मात्र मनापासून आवडलं, खोटं कशाला बोलू. ना धूर, ना दोरी ओढायची, अंगणात चालवलं तर शेजारी पण उठणार नाहीत. पण निसर्गनंतर किती दिवस लाईट नव्हती ते आठवलं आणि परत खाली ठेवलं. मशीनची खरी गरज पडते तेव्हाच खांब आडवे असतात, चार्जिंग काय समईवर करायचं?

तर २५० ठरल्यात जमा आहे. रात्री जेवताना अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "घ्या, पण सत्तर विकायचं नाही." विकत कोण होतं! जाडं खोड जमिनीवर पडलेलं असेल तर सत्तर मी काढेन बाहेर, पुतण्याने हात लावायचा नाही, हे त्याला वहिनीसमोरच सांगून टाकलं, तोंड वाकडं केलं त्याने.

जाताना लक्षात ठेवायचं: एक जादा चेन, आणि कानस ४.८ मिमीची, सत्तरची ५.५ वाली ह्या बारीक दातांना चालणार नाही. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टूटी ऑइलचा डबा. आणि काम झालं की टाकी रिकामी करायची सवय पुतण्याला पहिल्या दिवसापासून लावायची, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, ते पाणी ओढतं, महिनोन्‌महिने तसंच ठेवलं तर नवीन काय आणि जुनं काय, कार्बोरेटर खोलून बसावं लागणार. हेल्मेट पण बघायचंय, जाळीवालं. अप्पा हसतील, हसू देत.