हडंब्याचा नंबर

रविवार, रात्र

आंघोळ करूनही अंगाला सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, टोचतंच आहे. ३ वाजता मॅचचं चेक-इन होतं आणि पावणेतीनला आमच्या वावरात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागला. गोष्ट खरं तर एवढीच. झोप येत नाही म्हणून लिहितोय.

बीजीएमआय म्हणजे मोबाइलवरच्या पबजी गेमचा भारतातला अवतार. त्याच्या एका खुल्या स्पर्धेची पात्रता फेरी होती. १६ टीम, २ मॅच, वरच्या ४ पुढे. आमच्या टीममध्ये एक पुसदचा, एक वणीचा, एक हिंगणघाटचा आणि मी. यातल्या कोणाला मी समोरासमोर भेटलेलो नाही, पण नुसत्या श्वासावरून सांगू शकतो कोण घाबरलाय. मी आयजीएल, म्हणजे खेळातला कप्तान. कुठं उतरायचं, गाडी कधी काढायची, कोणाच्या नादी लागायचं नाही, हे सांगायचं काम माझं. माझी नेमबाजी बेताचीच आहे, झोन, म्हणजे आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ कुठं सरकणार ते, मात्र मला आधी दिसतं. बाबांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या बाजूनं मी एरँगलचे, म्हणजे गेममधल्या बेटाचे, नकाशे काढलेत. पुढून कापूस-तूर, मागून तिथली गावं, पोचिंकी-मायल्टा.

हडंबा सकाळीच येणार होता. तसा आला असता तर दुपारपर्यंत सगळं उरकलं असतं. पण आधीच्या वावरात त्याचा पट्टा तुटला, नवीन आणायला माणूस तालुक्याला गेला, आणि आमचा नंबर बरोबर मॅचच्या वेळेवर आला. हडंबेवाला धुऱ्याला धुरा लागून येतो. आपण आज नाही म्हटलं की तो नाल्यापलीकडच्या शिवारात शिरतो, मग दिवाळीच्या आधी काही त्याचं तोंड दिसत नाही. सोयाबीन सोंगून गंजी ताडपत्रीखाली पडलेली, आणि रोज दुपारी आभाळ भरून येतं. गंजीत पाणी शिरलं की दाणा काळा पडतो. यंदा, म्हणजे २०२५ च्या हंगामाला, हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल ठरलाय, पण सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. त्याच्या वर गेला की व्यापारी म्हणेल तो भाव.

म्हणजे निर्णय असा काही घ्यायचाच नव्हता. बाबांनी "गेम-बिम काही नाही" असं दरडावलं असतं, तर मी दिवसभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं. त्यांनी तसंही केलं नाही.

"किती वेळ लागते तुया म्याचले?"

"दीड तास धरा."

"थांब, मी माणूस पाह्यतो."

आणि खरंच गावात फिरून आले. पण आज ज्याच्या त्याच्या घरी स्वतःची गंजी. परत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नाई भेटत कोणी. त्याइले फोन लावून पाह्य ना, उद्या ठेवा मनावं." १६ टीमचे ६४ पोट्टे माझ्या सोयाबीनसाठी थांबणार होते! मी बाहेर जाऊन फोन कानाला लावला, थोडा वेळ उभा राहिलो आणि आत येऊन सांगितलं, नाही जमत म्हणतात.

हेच बाबा ऑगस्टमध्ये टीव्हीवरची बातमी ऐकून म्हणाले होते, "तुया गेम सरकारनं बंद केला मनते." मी समजावलं की कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळी मान्यता आहे. त्यावर त्यांचा एकच प्रश्न, "मंग नोकरी भेटते काय त्यात?" बंदीची मला तशी सवय आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी गेला. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही प्ले स्टोअरवरून उडाला, तो थेट मे २०२३ मध्ये परत आला. तेव्हा सगळ्यांचाच बंद होता, म्हणून काही वाटत नव्हतं. आज सगळ्यांचा चालू होता.

वावरात नेटवर्कची एकच काडी येते, तीही बाभळीखाली. मी हडंब्यात पेंढ्या टाकत होतो, बाबा पोत्यांवर. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता आणि रूमचा आयडी-पासवर्ड आला तेव्हा तो मांडीला थरथरला. पेंढी टाकताना हात कुठे आहे तिकडं बघावं लागतं, ते एक बरं झालं.

आमच्याकडे पाचवा, राखीव खेळाडू नव्हता, तिघंच खेळले. वणीवाल्यानं रात्री रेकॉर्डिंग पाठवलं. पहिली मॅच सोडून देतो, उतरल्या उतरल्या दोघं गेले. दुसऱ्या मॅचला झोन मिलिटरी बेसच्या बेटावर गेला आणि हे तिघं मायल्टात लूट, म्हणजे बंदुका-सामान गोळा, करत बसले. पूल तोवर दुसऱ्या टीमनं धरलेला. दोघं पुलावर मेले, हिंगणघाटवाला पोहत निघाला होता, त्याला काठावर टिपला. माझ्या वहीत मायल्टाच्या पानावर लिहिलंय की वर्तुळ दक्षिणेला सरकलं तर लूट अर्धी टाकून निघायचं आणि पुलाच्या नादी न लागता बोट धरायची. ते पान मी आज दहा वेळा तरी उघडलं असेल. बोटीलाही काठावरून गोळ्या लागतात, हे मला माहीत आहे. तरी.

दोन्ही मॅच मिळून आमचे ९ पॉइंट. चौथ्या टीमचे २२. पहिल्या नंबरला १०, दुसऱ्याला ६ आणि प्रत्येक किलला १ या हिशोबानं मी असतो तर १३ पॉइंट भरून निघाले असते का? पुसदवाला म्हणतो, "अबे, आरामात." तो चांगला पोट्टा आहे, तो असंच म्हणणार.

सोयाबीन पावसाच्या आत पोत्यात गेलं. पाऊस मात्र आलाच नाही. याचा राग कोणावर काढावा ते समजत नाही.

आत्ताच वणीवाल्याचा मेसेज आला, पुढच्या स्पर्धेला नाव टाकू का म्हणून. मी आधी तारीख विचारली. नोव्हेंबर-डिसेंबर असेल तर कापसाचा वेचा चालू असतो आणि जानेवारीत तूर. फेब्रुवारी असली तर टाक म्हटलं, आणि या वेळी पाचवा पोट्टा घे, तोही शेतकऱ्याचा नको.