'रिप्लेस ऑल' दाबण्याआधी

थंडी पडली की बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतल्या साहित्य संमेलनांची तयारी सुरू होते आणि स्मरणिकेचे लेख माझ्याकडे येऊ लागतात. काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टात. जुन्या फॉन्टातला मजकूर मी आधी युनिकोडमध्ये आणते. दिसायला तो मराठी असला, तरी आत कोड इंग्रजी अक्षरांचे असतात. त्यात मराठी शब्द शोधून सापडत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो 'ऱ्या'वर. आपल्याकडच्या लेखांत ऊस आणि शेतकरी हमखास असतात, आणि निम्म्या ठिकाणी 'शेतकर्यांचा' असं टाइप झालेलं असतं. म्हणून वर्डमध्ये कंट्रोल-एच, म्हणजे शोधून बदलायची खिडकी, उघडून सगळ्या 'र्या'चं 'ऱ्या' केलंत, तर कार्यालयाचं 'काऱ्यालय' आणि सूर्याचा 'सूऱ्या' झालाच म्हणून समजा. 'शेतकर्या', 'दुसर्या', 'सार्या' असे तुकडे वेगवेगळे शोधा आणि 'फाइंड नेक्स्ट' करत एकेक बघून बदला. हा ऱ इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट-जेवर आहे. वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर ०९३१ लिहून आल्ट-एक्स दाबलं तरी येतो.

गावांच्या नावांचंही तसंच. एकाच अंकात येळूर, येल्लूर आणि येळ्ळूर नकोत. गावच्या माणसाला ते लागतं, आणि लागायलाच हवं. शोधताना 'होल वर्ड्स'ची खूण काढून टाका, नाहीतर 'येळूरला', 'येळूरच्या' निसटतात. शिवाय खानापूरचं 'खानापुरात' होतं, म्हणून ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही रूपं शोधावी लागतात.

लेखात कन्नड ओळ असेल तर निर्मला यूआय फॉन्ट घ्या, त्यात दोन्ही लिप्या आहेत. 'डॉ.' ओळीच्या शेवटी आणि नाव खालच्या ओळीत जात असेल, तर मध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दाबा, म्हणजे दोन्ही एकाच ओळीत राहतात.

आणि ट्रॅक चेंजेस, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-ई, चालू केल्याशिवाय कुणाच्याही लेखाला हात लावू नका. काय बदललं ते लेखकाला दिसलं पाहिजे, नको असेल ते त्याला नाकारता आलं पाहिजे. संवादातलं 'काय गा' तर मी कधीच बदलत नाही. स्पेलचेकने त्याखाली लाल रेघ ओढली, की उजवं क्लिक करून तो शब्द डिक्शनरीत घालते.