हॉर्नचा रिले

गाडीचा एसी बंद पडला होता. “आता हॉर्न मारा बघू,” मेकॅनिक काका बॉनेटमागून ओरडले. मारला, तर आवाजच नाही. पण एसी मात्र चालू! परळच्या त्या छोट्याशा गाळ्यात त्यांनी हॉर्नचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढून एसीच्या जागी लावला होता आणि एसीचा हॉर्नला, दोन्ही एकाच नंबरचे. टक् झालं, कॉम्प्रेसरच्या क्लचने पकड घेतली आणि गार हवा यायला लागली. म्हणजे रिले गेलेला, बाकी सगळं ठणठणीत.

सकाळी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं होतं, एसीचा गॅस संपलाय, भरून घ्या.

काकांना हे सांगितलं तर हात पुसत म्हणाले, “गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? बंद सिस्टीम असते ती. कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहे, आधी ते शोधायचं.”

ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. कारण गॅस कमी झाला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही, लक्षण दिसायला अगदी सेम, मग प्रेशर मोजायचं गेज न लावता, फ्यूज न बघता त्या गॅरेजवाल्याला कळलं कसं? आणि लीक तसंच ठेवून भरलेला गॅस जातो कुठे, हवेतच ना. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए असतो, कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त पृथ्वीला तापवणारा, २०१६ च्या किगाली करारात या जातीचे गॅस कमी करायचं ठरलंय.

ऑक्टोबर हीटमध्ये दिवसभर गाडी चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याकडून असे पैसे उकळले जात असतील तर खरंच संताप येतो.

तुमच्या भागात गॅस भरायच्या आधी गेज लावून दाखवणारं कोणी आहे का?