दोन

आमच्या क्लिनिकच्या फॉर्मवर दुखण्यासाठी शून्य ते दहा असा रकाना आहे. तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नाही. पुण्यात फिजिओची इंटर्नशिप करताना आज्या दारातूनच ओरडायच्या, "दहा काय विचारतेस, बारा लिही!" मी त्यातले मनातल्या मनात तीन-चार वजा करून कामाला लागायचे. वजाबाकीचीच सवय. बेरीज करायची वेळ इथे क्लीव्हलँडमध्ये आली आणि ती मला एक शनिवार-रविवार उशिरा सुचली.

पेशंट 46 वर्षांचा, गुडघा बदलून बारा दिवस झालेले. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, सहा सीझन गार्ड म्हणून खेळलेला. तो आत येताच रिसेप्शनवरच्या पोराने त्याचं नाव गुगल केलं आणि हिरमुसला. "किती सामने खेळला तेवढंच आहे, बाकी काहीच नाही."

असणार कुठून? ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये पाच जण. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू सुटला की समोरून अंगावर येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाला थोपवून धरायचं, मागचा क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत. पुढे फेकलेला चेंडू झेलायची एरवी त्यांना मुभाच नाही. स्टेडियममध्ये त्यांचा नंबर पुकारतात तो चूक झाल्यावर, होल्डिंग, म्हणजे समोरच्याला पकडून ठेवलं, संघ 10 यार्ड मागे. विकेटकीपरच्या नावावर निदान झेल तरी लागतात.

जो थॉमसचा विषय मीच काढला, या गावात तेवढं माहीत असावं लागतं. इथल्या ब्राउन्स संघाचा तो लेफ्ट टॅकल 2007 पासून सलग 10,363 स्नॅप खेळला (चेंडू एकदा सुटला की एक स्नॅप), एकही न चुकवता, आणि 2017 मध्ये ट्रायसेप्स फाटल्यावरच थांबला. "तो देव आहे," पेशंट म्हणाला. "मी दर ऑगस्टमध्ये संघाची छाटणी होऊन त्रेपन्न उरायचे, त्यात आपण आहोत का हे बघणारा."

पहिल्या दिवशी गेट बेल्ट, चालवताना धरायचा कमरेचा पट्टा, त्याला पुरेना, दोन जोडून बांधले. गुडघा पूर्ण सरळ व्हायला 8 अंश कमी, वाकत होता 84 पर्यंत. पेशंटना वाकवण्याचंच कौतुक असतं, "किती वाकला?" म्हणून घरचेही विचारतात. पण पहिल्या आठवड्यांत सरळ झाला नाही तर माणूस जन्मभर लंगडतो, हे मी दिवसातून सहा वेळा सांगते आणि सहाही जण मान डोलावून घरी गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात. हा झोपला नाही. सांगितलेलं सगळं जसंच्या तसं. त्याच्याइतका शिस्तीचा पेशंट मी पाहिला नाही, आणि घात तिथेच झाला.

मी सगळं वजन टाकून गुडघा वाकवला. चेहरा दगडासारखा. "किती दुखतंय?"

"दोन."

तेव्हा लक्ष गेलं त्याच्या पायाकडे. त्या पायाची पाचही बोटं मुठीसारखी आवळलेली होती.

शुक्रवारी तो आला तेव्हा मोजा काढताना पोटरीवर इलॅस्टिकचा वळ दिसला, दुसऱ्या पायापेक्षा खोल. ऑपरेशननंतर सूज असतेच. विचारलं, तर "दोन." दोन लिहिलं आणि पुढचं पान उघडलं.

सोमवारी वळ आणखी खोल. टेप काढली. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटीमीटर खाली, दोन्ही पाय. चार सेंटीमीटरचा फरक. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का पाहायची जुनी चाचणी अजून शिकवतात. मी तिच्या भरवशावर राहत नाही. टेप खोटं बोलत नाही.

"हे कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"मग शुक्रवारी बोलला का नाहीस?"

त्याने खांदे उडवले. दुखतंय म्हणून बर्फाच्या टबात बसणाऱ्याला संघात जागा नसते, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. दुखापती बघणाऱ्या ट्रेनरच्या खोलीत दोनदा दिसलास की तुझ्या जागी उभा राहायला माणूस तयारच असतो. हे सांगताना तो आपली अनामिका दाबत होता. मधल्या पेऱ्यापासून ती बाहेरच्या बाजूला वळलेली आहे. तीही त्याने सीझन संपेपर्यंत कुणाला दाखवली नव्हती.

सर्जनच्या ऑफिसात फोनवर एकोणीस मिनिटं "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकलं. शेवटी ठेवून दिला आणि त्याला थेट इमर्जन्सीत पाठवलं. डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्यामागच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली.

आमच्या मॅनेजरने सगळ्यांना मेल पाठवला, माझं नाव ठळक अक्षरांत, वर टाळ्यांची चित्रं. मी उत्तर दिलं नाही. ती गुठळी शनिवारी फुप्फुसात गेली असती तर तोच रकाना कुणीतरी उघडून बघितला असता. त्यात शुक्रवारची तारीख आणि माझी सही आहे.

तीन आठवड्यांनी तो परत आला. मी वजन टाकून गुडघा वाकवला, एक हात त्याच्या बोटांवर ठेवून. बोटं आवळली.

"किती?"

"दोन," तो म्हणाला, आणि माझ्या हाताकडे बघून, "बरं, पाच."

मी सात लिहिलं आणि टेप काढली.