मुंबईत दोन रात्री, आत्याकडे न उतरता

पुण्यात कुणालाही सांगा, "मुंबईला चाललोय," की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुणाकडे?" कधी, कशाने, कशासाठी हे सगळं मागाहून. आपल्याला मुंबई पाठ असते, पण ती व्हिसाची रांग, चुलतभावाचं लग्न, कुणाचं तरी ऑपरेशन आणि पहाटेचं विमानतळ एवढीच. मरीन ड्राइव्हला टॅक्सीतून जाताना "बघ बघ, समुद्र" म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

लेक हॉस्टेलला गेल्यावर घर एकदम मोकळं झालं. दोघांनीच कुठेतरी जाऊ, दोन रात्रींसाठी, असं ठरलं. नवऱ्याचं मत महाबळेश्वर. मी म्हटलं, थंडीत महाबळेश्वरला अर्धं पुणं भेटतं. गर्दीच बघायची तर मुंबईची बघू, तिथे निदान कुणी ओळखीचं निघणार नाही. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मुंबईत काय बघायचंय?" आणि लगेच, "जाताच आहात तर सिद्धिविनायकाला जाऊन या."

तिकीट, खोली, फिरण्याचा क्रम या गोष्टी जमतात. खरं कठीण प्रकरण होतं डोंबिवलीची आत्या. ती असताना मुंबईत हॉटेल घेणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ भावकीतलं भांडण. नवरा म्हणाला, सांगायचंच नाही. पण आमच्या घराण्यात बातमी व्हॉट्सॲपच्याही आधी पोचते, आणि नंतर कळलं तर सात पिढ्या ऐकावं लागेल. म्हणून तिकिटं काढण्याआधीच मी फोन केला.

"हॉटेलात? अगं, पैसे जास्त झालेत का तुम्हाला?"

"तसं नाही गं आत्या. या वेळी आम्ही दोघंच जरा फिरायला येतोय."

"दोघंच म्हणजे? आम्ही काय तुमच्या मध्ये झोपणार आहोत?"

यावर काय बोलणार! मी घाईघाईने म्हटलं, शनिवारी दुपारी एक वाजता तू दादरला ये, शिवसेना भवनासमोर, तिघं मिळून जेवू. थोडा वेळ पलीकडे काहीच नाही. मग पानं उलटल्याचा आवाज. "थांब, एकादशी आहे का बघते." एकादशी नव्हती. प्रश्न मिटला. नातेवाईकांना नुसतं "भेटू" म्हटलं की त्याचं "रात्री इकडेच या" होतं. वार, वेळ आणि जागा आपणच सांगितली की माणसं रागावत नाहीत, उलट कुठली साडी नेसायची ते ठरवायला लागतात.

वार ठरवताना मात्र शनिवार-रविवार हा सरळ हिशोब सोडून दिला. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. त्यात आत्या डोंबिवलीहून दादरला कधी पोचेल ते मोटरमनलाही सांगता येणार नाही. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. बुधवारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. गाळत गाळत गुरुवार सकाळ ते शनिवार संध्याकाळ उरलं. रजा दोन दिवसांचीच जाते आणि रविवार घरी पाय पसरायला मिळतो. नवऱ्याला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात पटला.

गाडी डेक्कन क्वीन, यावर वाद नव्हता. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी सकाळी सव्वासातला पुणे सोडते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला नेऊन सोडते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वीसारखं चार महिने आधीपासून अडकून पडावं लागत नाही. जाताना विस्टाडोमची तिकिटं काढली, म्हणजे काचेच्या छताचा डबा. त्यात चव्वेचाळीसच जागा असतात, तेव्हा रेंगाळू नका. येताना मात्र साधी एसी चेअर कार. याचं कारण वेळापत्रकातच आहे. परतीची गाडी पाच दहाला सुटते आणि कर्जत सोडून घाटाला लागेपर्यंत थंडीच्या दिवसांत मिट्ट काळोख असतो. काचेच्या छतातून अंधार बघायला जादा पैसे कशाला द्यायचे? सकाळी उतरताना मात्र लोणावळा गेलं की नागफणीचा सुळका, खाली दरी, बोगद्यात शिरलं की सगळ्या डब्याचा एकदम "ओऽऽ", सगळं वसूल होतं. १८६३ मध्ये वाहता झालेला हा लोहमार्ग आम्ही इतक्या वेळा डुलक्या काढत पार केलाय, की नवरा खंडाळ्यानंतर चक्क उभाच राहिला.

आता खोली. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो घालवावाच. अंधेरी-साकीनाक्याकडे तेवढ्याच पैशात मोठी खोली मिळते, पण रोज जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये घालवायचे तर आत्याचं घर काय वाईट? दादर सोयीचं, पण तिथे राहिलं की आपण परत आपल्याच माणसांत. आम्हाला सकाळी उठून पायी कुठेतरी जाता यायला हवं होतं. म्हणून सीएसएमटी ते गेटवे एवढाच पट्टा धरला आणि त्याच्या बाहेरची खोली बघायचीच नाही असं ठरवलं.

फोर्टातल्या जुन्या इमारतींतली हॉटेलं ॲपवर फार देखणी दिसतात. पांढरी चादर, दोन उशा आणि मागे भिंतभर पडदा. त्या पडद्यामागे खिडकी असेलच असं नाही! मी एका ठिकाणी फोन करून विचारलं, "खोलीला खिडकी आहे का?" "आहे ना मॅडम." "कुठे उघडते?" यावर तो जरा घुटमळला. "डक्टमध्ये." डक्ट म्हणजे चार इमारतींच्या मधली ती चिंचोळी जागा, जिथे सगळ्यांचे एसी गरम वारा सोडतात, पाइप गळतात आणि कबुतरं घुमतात. तेव्हापासून मी एकच मागणी करायला लागले: पडदा सरकवून फोटो काढा आणि व्हॉट्सॲप करा. कुणी सकाळचा फोटो रात्री पाठवला, कुणी पाठवलाच नाही. ज्याने लगेच पाठवला, त्यात समोर एक जुना लाकडी सज्जा, त्यावर वाळत घातलेला पंचा आणि वर हातभर आकाश होतं. ती खोली घेतली.

आणखी दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. एक म्हणजे सकाळी आल्या आल्या सामान ठेवून घेतील का, कारण खोली दुपारीच मिळते. दुसरी लिफ्टची. जिन्यांच्या बाबतीत जुनी मुंबई दयामाया दाखवत नाही. करांचा हिशोब फारसा नाही: साडेसात हजार रुपये भाड्यापर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलात तर १८. दोघांचीही ओळखपत्रं लागतात. माझ्या आधारवर माहेरचं आडनाव आहे. काउंटरवरच्या पोराने एकदा आधारकडे, एकदा नवऱ्याच्या टकलाकडे पाहिलं आणि न बोलता किल्ली दिली. नवऱ्याला त्या नजरेचा पुढचा दिवसभर फार अभिमान होता.

बघायच्या गोष्टींची यादी नवऱ्याने केली होती, ती बघून मला घाम फुटला. जुहू, वांद्रे, राणीची बाग, नेहरू तारांगण, वर शिवाजी मंदिरला एक नाटक. नाटक मी पहिल्यांदा कापलं. तेच नाटक महिन्याभरात पुण्यात यशवंतराव नाट्यगृहाला लागणार, घरापासून चालत. जुहू आणि वांद्रे फार लांब, म्हणून गळले. अर्ध्या दिवसाला एकच गोष्ट, हा नियम केला आणि तो दोघांनीही पाळला.

गुरुवारी सामान टाकून थेट धोबी तलावावरचं कयानी गाठलं. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल, ब्रुन मस्का आणि चहा. पुण्याचं गुडलक बरं की हे, यावर आम्ही पुणेकरांना शोभेल इतका वेळ भांडलो. नंतर पायीच ओव्हल मैदान. १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर आम्ही दोघांनी टॅक्सीतून कितीदा पाहिला असेल, पण मैदानाच्या मधोमध उभं राहून गोल फिरून बघितलं नव्हतं. एका बाजूला विद्यापीठ आणि हायकोर्ट, सगळे दगडी मनोरे आणि कमानी. दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोच्या गुळगुळीत गोल बाल्कन्यांच्या इमारती, पिस्ता आणि फिकट पिवळ्या रंगांच्या. मध्ये एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटच्या मॅच, एकाचा पॉइंट तो दुसऱ्याचा लाँगऑन. या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. नवरा तिथेच गवतावर बसला आणि कुणाची तरी मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत बघितली. त्या दुपारी बघायचं ठरवलेलं संग्रहालय राहिलं. राहू दे.

शुक्रवारी घारापुरी. सकाळची लवकरची लाँच पकडा, गेटवेहून तासभर लागतो; उशीर केलात तर वरच्या पायऱ्यांवर ऊन आणि शाळेच्या सहली दोन्ही एकदम भेटतात. पायऱ्या सव्वाशेच्या आसपास, दोन्ही बाजूंना माळा आणि टोप्यांची दुकानं. मुख्य लेण्यात शिरलं की आधी काही दिसत नाही. डोळे सरावले की समोरच्या भिंतीत अंधारातून तो तीन मुखांचा सदाशिव हळूहळू पुढे येतो, वीसेक फूट उंच. आत उजेड मंदच असतो, त्यात मधलं मुख शांत दिसतं आणि कडेची दोन सावलीत जातात. एक गाईड भराभरा सांगत पुढे निघून गेला. आम्ही खांबाला टेकून बसलो. परत येऊन दुपारी सरळ झोपलो. मुंबईत दुपारची झोप घेतल्याचं मी आत्याला सांगितलेलं नाही.

ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी या बेटाला एलेफंटा म्हटलं, तो आता बेटावर नाहीच. तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. शनिवारी सकाळी बॅगा हॉटेलातच ठेवून आधी त्यालाच भेटलो. आतला हिरवा-सोनेरी दिवाणखाना आणि जुन्या मुंबईच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती बघायला तास पुरतो, मग लोकलने दादर.

आत्या पाऊण वाजल्यापासून शिवसेना भवनासमोरच्या आस्वाद हॉटेलच्या रांगेत नंबर लावून उभी होती, पैठणी बॉर्डरची साडी आणि हातात डबा. डब्यात आमच्यासाठी गाडीत खायला थालीपीठं. ज्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये बक्षीस मिळालं ती आम्ही खाल्ली. पुणेकर म्हणून मत राखून ठेवते. आत्याने पहिला प्रश्न विचारला तो खोलीच्या भाड्याचा. मी आकडा सांगितला. तिने वाटी खाली ठेवली आणि मग पुढचा प्रश्न, जो मला अपेक्षित नव्हता: "नाश्ता त्यातच होता का?"

सिद्धिविनायकाला तिघं गेलो. तिथून आता भुयारी मेट्रो थेट सीएसएमटीला नेते, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण मार्ग चालू आहे. त्यामुळे शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये डेक्कन क्वीन चुकण्याची धास्ती राहिली नाही. बॅगा उचलल्या आणि वीस मिनिटं हाताशी ठेवून फलाटावर होतो. थालीपीठं लोणावळ्याच्या आधीच संपली.

रविवारी सकाळी बोरिवलीहून मोठ्या दिरांचा फोन. आत्याने फोटो टाकला होता. "डोंबिवलीकरांबरोबर जेवलात, आमच्याकडे नुसता फोनही नाही?" नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, भाऊजी, पुढच्या वेळी कान्हेरीची लेणी बघायचीत, ती तुमच्याच नॅशनल पार्कात आहेत. सोमवार सोडून कुठलाही वार सांगा, दुपारी एक वाजता जेवायला भेटू. ते म्हणाले, "जेवायला कशाला, राहायलाच या की."