आकाशगंगेतली आगगाडी पुन्हा पाहताना

शनिवार, रात्री उशिरा

'गिंगा तेत्सुदो नो योरू' आज पुन्हा पाहिला. गिसाबुरो सुगिई यांचा १९८५चा जपानी अ‍ॅनिमेशनपट, केन्जी मियाझावाच्या कादंबरीवरचा. झोप येणार नाहीच आहे, तर लिहून ठेवते. शेवट सांगितल्याशिवाय यावर काही लिहिता येत नाही.

जोवान्नी हा गरीब मुलगा. वडील दूर उत्तरेच्या समुद्रावर गेलेले, आई आजारी. शाळा सुटली की हा छापखान्यात जातो. माझे आजोबा कंपोझिटर होते, म्हणून असेल, पण त्या छापखान्यापाशी मी दर वेळी थांबते. भिंतभर खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची घरं, आणि हातातल्या चिठ्ठीवरचं एकेक अक्षर शोधत हिंडणारं पोर. आजोबांच्या खिळ्यांच्या पेटीत जोडाक्षरांची घरं धरूनही सगळं हाताच्या टप्प्यात असायचं. जपानी खिळे हजारोंनी, त्यामुळे तिथे शोधत चालावंच लागतं. दिवसाचं काम संपल्यावर चांदीचं एक लहानसं नाणं मिळतं. त्याचा पाव आणि साखरेच्या वड्या घेऊन तो आईकडे पळत सुटतो. अवकाशप्रवासाच्या सिनेमात ही मजुरी इतकी सावकाश दाखवली आहे, याचं मला फार मोल वाटतं.

मग सणाची रात्र, टेकडी, आणि एकाएकी तो आगगाडीत बसलेला. समोर वर्गमित्र काम्पानेला. गाडी आकाशगंगेच्या काठाने हंसापासून निघते, वृश्चिकावरून त्रिशंकूपर्यंत जाते. हा मार्ग कल्पनेतला नाही, आकाशात आकाशगंगा याच क्रमाने उतरत जाते. आपल्याकडून मे महिन्यात संध्याकाळी त्रिशंकू दक्षिणेला क्षितिजालगत दिसतो. त्याला लागूनच कोलसॅक हा काळा पट्टा आहे, जिथे तारेच नाहीत असं वाटतं. सिनेमातली शेवटची जागा तीच.

काम्पानेला गाडीत दिसतो तेव्हा तो आधीच गेलेला असतो. झानेली नावाचा मुलगा नदीत पडला, त्याला वाचवताना हा बुडाला. पहिल्यांदा पाहताना हे शेवटी कळतं, पण लपवलेलं काहीच नसतं. पुस्तकात त्याचा काळा कोट भिजल्यासारखा दिसतो, चेहरा फिकट असतो. झानेली घरी गेला, त्याचे वडील न्यायला आले होते, असं तो सहज बोलून जातो. आणि मग विचारतो, आई मला क्षमा करेल ना? हा प्रश्न मी पूर्वी कितीतरी हलका धरला होता.

सिनेमातली बहुतेक पात्रं मांजरांच्या रूपात आहेत; ती तशी का, असं सगळे विचारतात. हिरोशी मासुमुराने याच गोष्टीच्या चित्रकथेत मांजरं काढली होती, ती सुगिईंनी घेतली. मला निर्णय पटतो. या चेहऱ्यांवर रडणं-हसणं फारसं उमटत नाही, म्हणून बघणाऱ्याला स्वतःच जवळ जावं लागतं. हिमनगावर आपटून बुडालेल्या जहाजातल्या तिघांना मात्र माणसांचे चेहरे आहेत. दोन लहान भावंडं आणि त्यांचे शिक्षक. त्यांतली मुलगी विंचवाची गोष्ट सांगते. किडे खाऊन जगणारा विंचू एकदा मुंगसासारख्या प्राण्यापासून पळताना विहिरीत पडतो. बुडता बुडता त्याला वाटतं, मी त्याला माझं शरीर का नाही दिलं, तो एक दिवस तरी जगला असता. मग त्याचा देह लाल ज्वाळा होऊन अंधार उजळतो. ज्येष्ठा तारा लाल का, याचं हे मियाझावाचं उत्तर. सद्धर्मपुण्डरीक सूत्र हा बौद्ध ग्रंथ उराशी धरून जगलेला हा लेखक. जातककथा ऐकत वाढलेल्यांना ही गोष्ट परकी वाटायची नाही.

१९२२मध्ये मियाझावाची धाकटी बहीण तोशी गेली. त्यानंतर हे पुस्तक त्याने हाती घेतलं आणि १९३३मध्ये, सदतिसाव्या वर्षी तो गेला तोवर लिहीत-खोडत राहिला. आधीच्या खर्ड्यांत एक प्राध्यापक येऊन मुलाला सगळ्याचा अर्थ सांगतो. शेवटच्या खर्ड्यातून मियाझावाने त्याला काढून टाकलं. दुःखाच्या वेळी समजावणारा माणूस नको असतो, हे त्याला उमगलं असणार. सिनेमाही कोणाला समजावू देत नाही.

त्याऐवजी नदीकाठी काम्पानेलाचे वडील येतात. हातात घड्याळ. आता आशा नाही, पडल्याला पंचेचाळीस मिनिटं झाली, एवढंच म्हणतात. मग जोवान्नीकडे वळून विचारतात, तुझे बाबा आले का घरी? उद्या शाळा सुटल्यावर सगळे आमच्याकडे या. पोटचा मुलगा नदीत असताना या माणसाला दुसऱ्याच्या मुलाचे वडील आठवतात. विंचवाची गोष्ट ऐकून जे पूर्ण पोचलं नव्हतं, ते मला इथे पोचलं.